तिफणीला यमक मिळेना?

प्रश्न दारव्ह्याकडच्या एका तरुणाचा आहे. पोळ्यासाठी गाणं लिहितोय, ध्रुवपदाची ओळ 'तिफण' (पेरणीचं अवजार) या शब्दावर संपते. 'गोफण' जुळलं, पुढं गाडी अडली. 'तिफण' काढून 'पेरणी' घालू का, असं विचारतो.

काढू नका भाऊ. 'पेरणी' म्हटल्यावर नुसतं काम कळतं. 'तिफण' म्हटलं की बियाणं सोडायच्या चाड्यावरची मूठ दिसते.

आधी तुमच्या गोफणीचंच बघा. तिफण म्हणजे तीन फणांची, तीन दातांची. जोडीला 'दुफण' आणलं तर तोच फण परत आला, त्यात गंमत नाही. गोफणीत मात्र शेतीचा फण नाही. ती संस्कृतातल्या 'गोफणा'वरून आली. आवाज तोच, अर्थ निराळा, म्हणून हे यमक अस्सल. तिसरा शब्द तुमच्या खळ्यावरच पडलाय: 'उफण'. धान्य वाऱ्यावर उफणतात ना, तेच. पेरायला तिफण, राखायला गोफण, शेवटी उफण. अख्खा हंगाम आला की! (हे जुळलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो.)

आता खरा मुद्दा. गाणं वऱ्हाडीत आहे ना? मग वहीतला 'ण' का धरून बसलात? आपल्या तोंडी पाणी 'पानी' होतं, कोण 'कोन' होतो, तशी तिफण 'तिफन' होते. मग मन, धन, घन, सपन सगळे दारात उभे. 'ळ'चंही तसंच. काळा 'काया' झाला की 'वाया'शी जुळतो. प्रमाण मराठीत या दोघांची गाठ पडायची नाही. फक्त एका कडव्यात 'पाणी' आणि दुसऱ्यात 'तिफन-मन' असं करू नका, लगेच खटकतं. आणि 'कफन' हे यमक आपल्या भागात फार लवकर सुचतं. पोळ्याच्या तोरणाखाली ते नको.

एवढं करूनही अडलं तर गझलेची युक्ती वापरा. सुरेश भट आपल्या अमरावतीचेच. गझलेत रदीफ म्हणून एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि यमक त्याच्या आधीच्या शब्दाला असतं. 'डोले तिफण', 'बोले तिफण' असं लिहिलं की तिफणीला जोडीदार शोधायची गरजच उरत नाही. शिवाय तोच शब्द परत आला की ऐकणारेही आवाज मिळवतात, पोळ्यात ते बरं.

आमच्या भजनी मंडळातल्या एकानं तिफणीला 'ती पण' जोडलं होतं. 'प' काही 'फ' नव्हे, गाण्यात मी ते खोडलं असतं. पण झडतीत, म्हणजे पोळ्यात म्हणतात त्या यमकाच्या ओळींत, चालून जाईल. तिथं पहिली ओळ पुष्कळदा नुसती यमकाच्या सोयीसाठीच येते, आणि 'हर बोला'च्या गजरात अक्षर कोण तपासतो?