आईच्या आजारपणात बायबलचं वचन रोज 21 वेळा म्हटलं तर गुण येतो का?

शेजारच्या ख्रिस्ती काकींनी यशया 53:5 (यशयाच्या पुस्तकातला 53 वा अध्याय, 5 वं वचन: ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हाला आरोग्य प्राप्त झाले’) आणि स्तोत्र 91 कागदावर लिहून दिलं, रोज 21 वेळा मोठ्याने म्हणायला सांगितलं. त्याने आईला बरं वाटेल का आणि मोजणी चुकली तर काय, असं तुम्ही विचारलंय. चुकली तर काही होत नाही, आधी ती भीती काढून टाका. वचन 21 वेळा म्हणा, असं बायबलमध्ये कुठेही नाही.

वचनात सामर्थ्य आहे ही श्रद्धा मात्र खरी आणि फार जुनी. हिब्रूत ‘दाबार’ म्हणजे शब्दही आणि घडलेली गोष्टही. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव ‘प्रकाश होवो’ म्हणतो आणि प्रकाश होतो. गफलत होते ती पुढे. वचन रिकामं परत येत नाही असं यशया 55:11 सांगतं, पण ते देवाच्या मुखातून निघालेलं वचन. म्हणणाऱ्याच्या जिभेला ती सत्ता दिलेली नाही. पुष्कळ बोललं म्हणून देव ऐकतो असं समजू नका, हे येशूने मत्तय 6:7 मध्ये स्पष्ट सांगितलंय. (रोझरीच्या, म्हणजे कॅथलिकांच्या जपमाळेच्या, एका फेरीत मारियेला नमन करणारी प्रार्थना 53 वेळा येते हे खरं; पण तिथे मोजायचं काम मण्यांचं, मन येशूच्या जीवनातल्या प्रसंगांवर ठेवायचं.)

स्तोत्र 91 बद्दल तर मुद्दाम सांगायला हवं. मत्तय 4:6 मध्ये सैतान येशूला हेच स्तोत्र ऐकवतो: उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशू त्याला ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या 6:16 ने उत्तर देतो, देवाची परीक्षा पाहू नको. म्हणजे एकच ओळ तोडून घेतली की वचनही माणसाला कड्यावर नेऊ शकतं. यशया 53:5 चंही तसंच. 52:13 पासून 53:12 पर्यंत पंधराच वचनं आहेत, ती सलग वाचा. दुसऱ्यांच्या पापांसाठी दुःख सोसणारा सेवक तिथे भेटतो; आजार अमुक दिवसांत जाईल असा करार तिथे नाही.

औषध मात्र एक दिवसही चुकवू नका. वैद्याचा मान राखा, औषधं देवानेच जमिनीतून निर्माण केली, असं बेनसिराच्या पुस्तकाच्या 38 व्या अध्यायात आहे. हे पुस्तक कॅथलिकांच्या 73 पुस्तकांच्या बायबलमध्ये सापडेल, प्रॉटेस्टंटांच्या 66 पुस्तकांच्या प्रतीत नाही. पण पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे, हा प्रेषित पौलाचा सहकारी तीमथ्याला सल्ला (1 तीमथ्य 5:23) दोन्हींत आहे.

आईजवळ वाचायचं तर स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं, आणि सुरुवातच तक्रारीने: देवा, किती काळ? हा प्रश्न चार वेळा येतो, म्हणून आजारी माणसाला तो आपला वाटतो. सावकाश एकदा वाचा. मग थोडं थांबून पुन्हा वाचा आणि कुठला शब्द मनात राहिला ते आईला विचारा. त्याच शब्दावरून दोन वाक्यांची साधी प्रार्थना करा आणि गप्प बसा. दहा मिनिटं पुरतात. ती थकली तर अर्ध्यावर सोडा. दुसऱ्या दिवशी मार्क 2:1-12 वाचा, पक्षाघात झालेल्याला चौघे उचलून आणतात तो प्रसंग.

भाषा आईला कळेल ती. 1616 साली गोव्यात रायतूरला छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे ते म्हणूनच. त्यातली मराठी आज जड जाते, त्यामुळे साधं भाषांतर बरं.

‘विश्वास कमी पडला’ हे शब्द त्या खोलीत कुणालाही उच्चारू देऊ नका. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ठीक होतं. नंतर त्यांनी आजाराची कारणं सांगायला सुरुवात केली आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. काकींचा कागद टाकू नका. त्यांनाच बोलवा, आईजवळ बसून पूर्ण स्तोत्र एकदा वाचायला सांगा.