मिशन शाळेत नाताळसाठी चर्चच्या खिडकीसारखी पतंगी कागदाची रंगीत ‘काच’ करताना कागद सुरकुततो, रंग फुटतो. काय करावं?

दोष ओल्या डिंकाचा किंवा खळीचा. पाणी लागलं की पतंगी कागद रंग सोडतोच. ग्लू स्टिक वापरा, तीही काळ्या कार्डशीटच्या पट्ट्यांना लावा, पतंगी कागदाला नाही. पट्ट्या 8 ते 10 मिमी रुंद ठेवा. बारीक पट्टी कापतानाच तुटते. खऱ्या खिडकीत या जागी शिशाची पट्टी काचा धरून ठेवते, म्हणून प्रत्येक रेघ दुसऱ्या रेघेला किंवा चौकटीला मिळालीच पाहिजे. चित्रातल्या चेहऱ्याचे डोळे-नाक मात्र कापू नका, मार्करने काढा. चर्चच्या काचेवरही चेहरा रंगवून भट्टीत भाजतात. गडद छटेसाठी दोन थर. आपल्या विदर्भाच्या उन्हात हे रंग लवकर उडतात, त्यामुळे उत्तरेकडची खिडकीच निवडा.