वाचकांचे प्रश्न : पत्ते खरे, नोंदणी खोटी

प्रश्न : मी दर पंधरवड्याला एक विनामूल्य ई-मेल वार्तापत्र पाठवते. पूर्वी रोज दोन-तीन नवे वाचक नाव नोंदवत असत. गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र रोज तीस-चाळीस नोंदी येत आहेत. नावाच्या जागी अर्थहीन अक्षरे असतात, पण पत्ते खरे वाटतात. अशा नोंदणीतून कोणाला काय मिळते, आणि मी काय करावे?

उत्तर : पत्ते खरे वाटतात हे आपले निरीक्षण फार महत्त्वाचे आहे, कारण ते बहुधा खरेच असतात, खोटी असते ती नोंदणी. ज्यांचे ते पत्ते आहेत, त्यांना या नोंदणीची कल्पनाही नसते. आपोआप फॉर्म भरत फिरणारे ‘बॉट’ हे काम करतात आणि त्यामागचा एक हेतू गंभीर आहे. एखाद्याच्या बँक खात्यात किंवा कार्डात शिरकाव झाला, की त्याचा पत्ता एकाच वेळी शेकडो-हजारो वार्तापत्रांच्या फॉर्ममध्ये भरला जातो, म्हणजे स्वागताच्या पत्रांच्या लोंढ्यात बँकेची सूचना त्याच्या नजरेस पडत नाही. ऑगस्ट २०१६मध्ये असे हल्ले फार मोठ्या प्रमाणावर झाले, तेव्हा स्पॅम पाठवणाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या ‘स्पॅमहाउस’ या संस्थेने खातरजमा न करता पत्रे पाठवणाऱ्या अनेक प्रेषकांना आपल्या काळ्या यादीत टाकले होते. म्हणून या नोंदींकडे केवळ यादीतला कचरा म्हणून पाहू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

पहिला आणि अपरिहार्य उपाय म्हणजे ‘डबल ऑप्ट-इन’ : नोंदणीनंतर एकच पत्र जाते आणि त्यातील दुव्यावरून होकार आल्याशिवाय नाव यादीत चढत नाही. मात्र हे पत्रही जपून लिहावे लागते. ‘नमस्कार’नंतर फॉर्ममध्ये भरलेले नाव आपोआप येत असेल, तर ते काढून टाका, कारण काही बॉट नावाच्या चौकटीत जाहिरातीचा दुवा भरतात, आणि मग तो दुवा आपल्याच नावाने अनोळखी माणसाच्या हाती पडतो. पत्रातील दुवा उघडताक्षणी होकार धरला जाऊ नये, तर उघडलेल्या पानावर एक बटण दाबावे लागावे, कारण अनेक कार्यालयांतील सुरक्षा-प्रणाली पत्रातील दुवे तपासणीसाठी स्वतःच उघडून पाहतात. एकाच पत्त्यावर असे पत्र पुन्हा पुन्हा जाणार नाही याचीही व्यवस्था करा. होकार न आलेले पत्ते काही दिवसांत पुसून टाकावेत. यात थोडे खरे वाचकही गळतात, हे मान्य आहे. तरीही मी हीच पद्धत निवडेन.

फॉर्मपाशीच बॉट अडवण्यासाठी ‘हनीपॉट’ वापरता येतो. ही माणसाला न दिसणारी एक चौकट असते; ती भरलेली आली की नोंद नाकारायची. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकांना ती चौकट ऐकू येऊ शकते, म्हणून तिला ‘ही जागा रिकामी ठेवा’ असे लेबल अवश्य द्या. कॅप्चा, म्हणजे भरणारा माणूसच आहे ना हे पाहणारी छोटी चाचणी, हा उपाय मी शेवटी ठेवेन, कारण चित्रे ओळखायला लावणारा कॅप्चा दृष्टी अधू असलेल्यांना त्रासाचा ठरतो. कोणतीही तपासणी केवळ वाचकापुढच्या पानावर नव्हे, तर नोंदी स्वीकारणाऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर व्हायला हवी. बरेच बॉट पान न उघडता थेट सर्व्हरकडे माहिती पाठवतात.

आता आधीच शिरलेल्या नोंदींविषयी. त्या तीन आठवड्यांतील सर्व नोंदी आजच वेगळ्या काढा आणि त्यांना वार्तापत्र पाठवणे थांबवा. अर्थहीन नावांच्या नोंदी सरळ पुसा. उरलेल्यांना थोड्या थोड्या संख्येने एकदाच खातरजमेचे पत्र पाठवा. ‘पत्र उघडले’ या आकड्यावर विसंबू नका, कारण सप्टेंबर २०२१पासून ॲपलच्या मेलमध्ये पत्रातील चित्रे आधीच उतरवून घेण्याची सोय आहे आणि त्यामुळे न वाचलेले पत्रही उघडलेले दिसते. ही सफाई लांबवू नये. जीमेलने फेब्रुवारी २०२४पासून लागू केलेल्या नियमांनुसार स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत ठेवाव्यात आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नयेत. हजार पत्रांमागे तीन तक्रारी म्हणजे ही मर्यादा गाठली. न मागता पत्र आलेली माणसे तेवढ्या तक्रारी सहज करतील, आणि मग आपल्या खऱ्या वाचकांची पत्रेही स्पॅममध्ये जाऊ लागतील.

प्रश्न : एकच जीमेल पत्ता टिंबांच्या जागा बदलून पुन्हा पुन्हा नोंदवलेला दिसतो. हे पत्ते वेगळे असतात का?

उत्तर : नाही. जीमेल पत्त्याच्या पहिल्या भागातील टिंबे विचारात घेत नाही, त्यामुळे ही सर्व पत्रे एकाच पेटीत पडतात. तुलना करताना जीमेलच्या पत्त्यांतील टिंबे वगळा. इतर सेवांना मात्र हा नियम लावू नका, कारण तिथे टिंबामुळे पत्ता खरोखर बदलू शकतो. अधिकचे चिन्ह (+) असलेले पत्तेही सरसकट नाकारू नयेत. आलेली पत्रे वेगवेगळी लावण्यासाठी अनेक चोखंदळ वाचक ते जाणीवपूर्वक वापरतात.