लूडुस म्हणजे खेळ नव्हे, तालीम

प्रश्न : प्राचीन रोममधल्या मुलांच्या दिनक्रमावर कुमार वाचकांसाठी लिहिते आहे. रोमन लोक शाळेला 'लूडुस' म्हणत आणि लूडुसचा अर्थ खेळ, असे वाचनात आले. मराठीत 'खेळशाळा' असा शब्द वापरला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. शिक्षणावरच्या व्याख्यानांत हे ऐकून ऐकून कान किटले आहेत : 'रोमन लोक शाळेला खेळ म्हणत, इतके त्यांचे शिक्षण आनंददायी होते!' कोशातला पहिला अर्थ उचलायचा आणि त्याच्यावर अख्खी शिक्षणपद्धती उभी करायची, ही सवय आता सुटायला हवी.

त्या 'आनंददायी' शाळेबद्दल रोमन लोक स्वतः काय सांगतात ते ऐका. मार्शियाल हा कवी शेजारच्या मास्तरावर चिडून म्हणतो, अजून कोंबडा आरवला नाही तोच तुझा आरडाओरडा आणि फटक्यांचे आवाज सुरू. युवेनाल हा दुसरा कवी सांगतो की पहाटेच्या अंधारात पोरे दिवे घेऊन यायची आणि त्या दिव्यांच्या काजळीने होरेस आणि व्हर्जिल या कवींची पुस्तके काळी पडायची. होरेसने आपल्या गुरुजींना, ऑर्बिलियुसना, 'प्लागोसुस' असे विशेषण लावून ठेवले आहे. म्हणजे फटके हाणणारा. पॉम्पेईत यूलिया फेलिक्सच्या वाड्यात भिंतीवर चित्र सापडले, त्यात एका पोराला दुसऱ्याच्या पाठीवर घेऊन फोडून काढले जात आहे. क्विंटिलियान या वक्तृत्वाच्या शिक्षकाने मारझोडीला कडाडून विरोध केला, अक्षरे ओळखायला मुलांच्या हातात हस्तिदंती अक्षरे द्यावीत असे सुचवले. पण तो सुधारक होता. त्याला विरोध करावा लागला यातच काय ते आले.

सगळ्यांत नेमका पुरावा ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताचा आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावी तो शिकला. तो लिहितो की लहानपणी चेंडू खेळलो म्हणून मार खाल्ला. 'खेळणे'साठी त्याने क्रियापद वापरले आहे 'लूडेरे', ज्या कुळातला 'लूडुस' त्याच कुळातले. लूडुसमध्ये शिकणाऱ्या पोराला लूडेरे केल्याबद्दल फटके! आता सांगा, खेळशाळा कशी म्हणायची?

मग शाळेला हे नाव पडले कसे? इथे फेस्टुस नावाच्या जुन्या कोशकाराचा दाखला हटकून दिला जातो. त्याचे म्हणणे, जिथे खेळ सर्वांत कमी त्या जागेला लूडुस म्हणतात ते एवढ्यासाठी की उदास नाव ऐकून पोरांनी पळून जाऊ नये. दिसायला गोड, आणि म्हणूनच पिढ्यान् पिढ्या टिकलेले स्पष्टीकरण. मला ते साफ नामंजूर आहे. कारण रोममध्ये आणखी एका जागेला लूडुस म्हणत, आणि ती म्हणजे ग्लॅडिएटर तयार करण्याची जागा. इ.स.पू. ७३ मध्ये स्पार्टाकुस हा बंडखोर ग्लॅडिएटर कापुआतल्या ज्या जागेतून निसटला तो लूडुस. सम्राट डोमिशियनने उभारलेला 'लूडुस माग्नुस' तर कोलोसियमला लागून होता, त्याचे अवशेष आजही दिसतात. तिथे बहुतेक गुलाम, कैदी, शिक्षा झालेले गुन्हेगार. त्या साखळदंडातल्या गड्यांना रोमन लोकांनी गोड नावाने चुचकारले असेल? फेस्टुसला हा प्रश्न पडायला हवा होता.

दुसरी व्युत्पत्तीही तेवढीच पोकळ. लूडुस हा शब्द आशियातल्या लिडिया देशावरून आला, कारण इटलीतले जुने एट्रुस्कन लोक म्हणे लिडियातून आलेले आणि खेळ त्यांच्याकडून रोमला मिळाले, असे तेर्तुलियान हा ख्रिस्ती लेखक सांगतो. पण लूडुसचे जुने लॅटिन रूप 'लोइडोस' असे आहे. त्यात लिडियाचा स्वर कुठून काढणार? हां, दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात आणि त्याचा फायदा प्लाउटुस या नाटककाराने झकास उठवला. त्याच्या 'बाक्खिदेस' नाटकात तरुणामागे फिरणाऱ्या राखणदार गुलामाचे नावच लिडुस, आणि तरुण त्याला ऐकवतो, 'बाबा लिडुस, लूडुस काही प्रत्येक वयाला शोभत नाही.' कोटी म्हणून उत्तम. व्युत्पत्ती म्हणून शून्य.

माझे मत सरळ आहे. लूडेरेचा गाभा मौज हा नाही. खऱ्या प्रसंगाआधी, हार-जीत पणाला न लावता, तीच कृती पुन्हा पुन्हा करणे हा आहे. ग्लॅडिएटर लाकडी तलवारीने खांबावर वार करतो, पोरगा मेणाच्या पाटीवर टोच्याने अक्षर गिरवतो, पुसतो, पुन्हा गिरवतो. ऑगस्टीनला 'एक नि एक दोन, दोन नि दोन चार' हे गाणे नकोसे वाटायचे. ते घोकणे म्हणजे जोर-बैठकाच. म्हणून लिव्ही हा इतिहासकार नुसते 'लूडुस' लिहून थांबत नाही. व्हर्जिनिया नावाच्या मुलीची कथा सांगताना, ती फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, येते तेव्हा, तिथल्या खोप्यांत 'अक्षरांचे लूडुस' होते असे तो लिहितो. (मुलीही शाळेत जात, याची या प्रसंगात नोंद घ्या, तुमच्या लेखात ती हवी.) लूडुस म्हटले की कशाचा, ते सांगावे लागे.

आणि अगदी असाच शब्द मराठीत आहे. तालीम!

मूळ अरबी 'तअलीम' म्हणजे शिकवणे. इल्म आणि मालूम याच धातूचे. उर्दू-हिंदीत तालीम म्हणजे शिक्षणच. सेवाग्रामच्या 'नयी तालीम'मध्ये तोच अर्थ. मराठीने मात्र त्या शब्दाला लंगोट नेसवून लाल मातीत उतरवले. कोल्हापुरात मोतीबाग तालीम, गंगावेस तालीम. शिवाय नाटकाची तालीम आहेच, प्रयोगाआधी तेच तेच करून बघण्याची. एकाच शब्दात शिकणे, कुस्ती आणि प्रयोगाची पूर्वतयारी! लॅटिन विद्यार्थ्याला लूडुस समजावण्यासाठी कितीतरी भाषांत परिच्छेद खर्चावा लागेल. मराठी माणसाला एक शब्द पुरतो. प्रवास तेवढा उलटा : लॅटिनमध्ये खेळाचा शब्द शाळेत गेला, आपल्याकडे शाळेचा शब्द आखाड्यात.

जोडी इथेच संपत नाही. आखाड्यातला गुरू तो वस्ताद, म्हणजे फारसीतला उस्ताद, शिकवणारा. रोमन लूडुसमध्ये ग्लॅडिएटरांना डावपेच शिकवणाऱ्याला म्हणत 'डॉक्टोर', 'डोकेरे' म्हणजे शिकवणे यावरून. आज दवाखान्यात बसतो तो डॉक्टर त्याच घराण्यातला.

'अक्षर आणि आखाडा यांची सांगड तुम्ही ओढूनताणून घालता' असे म्हणणाऱ्यांनी इ.स. ३०१ चा सम्राट डायोक्लिशियनचा दरपत्रक-हुकूम वाचावा. त्यात कमाल फी ठरवून दिली आहे, दर मुलामागे दरमहा. प्राथमिक अक्षरे शिकवणारा मास्तर : ५० दिनार. कुस्तीची कसरत शिकवणारा : ५० दिनार. एका यादीत, एका दरात. हिशेब शिकवणाऱ्याला ७५, व्याकरणकाराला २००, वक्तृत्व शिकवणाऱ्याला २५०.

तालीम परकी म्हणून नको, असा आक्षेप शुद्धिवादी घेतीलच. पण रोमन मास्तराच्या शाळेला 'पाठशाला' म्हटले की कुमार वाचकांसमोर वेताची छडी, दिव्याची काजळी आणि पहाटेची थंडी यांतले काही उभे राहत नाही. तेव्हा 'अक्षरांची तालीम' लिहा, बिनदिक्कत. 'लूडी मागिस्टेर'ला, म्हणजे लूडुसच्या गुरुजींना, मास्तर म्हणण्यापेक्षा पंतोजी म्हणा. दर पोरामागे फी घेणारा आणि हातात छडी असणारा माणूस आपल्याकडे त्याच नावाने ओळखला जाई.

फक्त 'पेडागोगुस'चे भाषांतर शिक्षक असे करू नका. शिक्षक-पात्रता परीक्षांमुळे 'पेडागॉजी' शब्द सर्वांच्या तोंडी आहे, त्यामुळे ही चूक हमखास होते. तो शिक्षक नव्हे, मुलाला शाळेत नेऊन आणणारा, त्याच्यावर नजर ठेवणारा घरचा माणूस, बहुधा गुलाम. त्याच्याही हातात छडी असे; मार्शियाल त्या छड्यांना 'पेडागोगांचे राजदंड' म्हणतो आणि त्यांना ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत झोपू द्या अशी विनंती करतो. उन्हाळ्यात पोरे धडधाकट राहिली तरी पुष्कळ शिकली, असे त्याचे म्हणणे. तुमच्या लेखात सुट्टीचा भाग असेल तर ही कविता जरूर घ्या.