आडनाव विजया, चेहरा चिनी, हे कसं काय?

प्रश्न: आमच्या कंपनीच्या जकार्ता ऑफिसात एकजण आहे, आडनाव विजया. म्हटलं आपल्याकडचाच कोणीतरी असणार, व्हिडिओ कॉलवर बघतो तर चेहरा चिनी! हौसेने ‘नी हाओ’ केलं तर हसला आणि म्हणाला मला चायनीज येतच नाही. मग ही माणसं स्वतःला नक्की काय समजतात, चिनी की इंडोनेशियन? – एक वाचक, पुणे

उत्तर: त्याला चायनीज येत नाही यात त्याचा काही दोष नाही हो. १९६६ मधे, सुहार्तोंच्या हातात सत्ता आली तेव्हा, सरकारने चिनी वंशाच्या लोकांना इंडोनेशियन वाटतील अशी नावं घ्या म्हणून फर्मान काढलं, कागदावर ते नुसतं आवाहन होतं, पण नाव बदलावंच लागणार हे सगळ्यांनी ओळखलं. मग लोकांनी काय शक्कल लढवली, जुनं आडनाव नव्यात लपवलं, लिमचं झालं सालिम किंवा हालिम, तानचं तानोतो आणि कोणी सरळ विजया घेतलं. चिनी शाळा त्याच सुमारास बंद, १९६७ पासून सणही चारचौघात साजरे करायला बंदी, मग भाषा येणार कुठून? जावातली बरीच घरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून मलय नाहीतर जावानीजच बोलायची.

एवढं करून देशाने आपलं मानलं का, तर नाही. चिनी वंशाचीच सुसी सुसांती आठवते? १९९२ ला बार्सिलोनात बॅडमिंटनमधे इंडोनेशियाला पहिलं ऑलिंपिक गोल्ड तिनेच मिळवून दिलं, आणि तिच्यासारखीलासुद्धा नागरिकत्वाच्या कागदासाठी त्रास झाला. मे १९९८ च्या दंगलीत जकार्तात चिनी लोकांची दुकानं जाळली, बायकांवर अत्याचार झाले, तेव्हा कोणाचं आडनाव काय हे कोणी विचारत बसलं नाही. सणांवरची बंदी २००० मधे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी उठवली, २००३ पासून चिनी नववर्षाची राष्ट्रीय सुट्टी असते.

म्हणून खरं सांगू का, ‘चिनी की इंडोनेशियन’ हा प्रश्न त्यांना सरकारने आणि शेजाऱ्यांनीच जास्त विचारलाय. परत बोलणं झालं तर गाव कुठलं ते विचारा. जावातलं सुराबाया म्हणाला तर आजीसुद्धा जावानीज मिसळून बोलणारी निघेल, पण सुमात्रा बेटावरच्या मेदानचा कोणी भेटला तर तो घरी अजून होक्किएन ही दक्षिण चीनकडची बोली बोलत असण्याची शक्यता बरीच, तिथेही तुमचं मँडरिनमधलं ‘नी हाओ’ चालणार नाही ते वेगळं!