न्यायाधीशांना काय विचारायचं?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथे फेडरल अपील न्यायालयाचे एक न्यायाधीश येणार आहेत. भाषण आणि मग प्रश्नोत्तरं. मुलं आत्तापासूनच हवेत आहेत. एका न्यायाधीशाचं एवढं काय अप्रूप? तिला सध्या गाजत असलेल्या एका खटल्याबद्दल विचारायचंय. विचारावं का?

उत्तर : ताई, अप्रूपाचं खरं कारण मुलं चारचौघांत बोलणार नाहीत, ते म्हणजे क्लर्कशिप. पदवीनंतर साधारण वर्षभर न्यायाधीशांच्या हाताखाली राहायचं, कागदपत्रं वाचून टिपणं काढायची, निकालाचे मसुदे करायचे. एका न्यायाधीशाकडे अशा जागा साधारण चारच, आणि ते नाव पुढे जन्मभर कामाला येतं. शिवाय हे न्यायालय लहानसहान नव्हे. देशात अशी 13 आहेत. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष निवडतात, सिनेट मंजुरी देते आणि नेमणूक तहहयात. वर सर्वोच्च न्यायालय आहेच, पण ते हजारो अर्जांतून वर्षाला साठ-सत्तर खटलेच सविस्तर ऐकतं. म्हणजे बहुतेकांसाठी शेवटचा शब्द इथलाच.

चालू खटल्याबद्दल मात्र अजिबात विचारू नये. कोणत्याही न्यायालयात प्रलंबित असलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर जाहीर बोलू नये, असं त्यांची आचारसंहिताच सांगते. न्यायाधीश हसून विषय बदलतील आणि भाचीची पाळी फुकट जाईल.

अशा सभांना मी मागच्या रांगेत बसलेली आहे. पहिले दोन-तीन प्रश्न म्हणजे नुसती स्तुती, शेवटी प्रश्नचिन्ह लावलेली! भाचीने कामाचं विचारावं. अपिलातलं मुख्य लेखी निवेदन 13,000 शब्दांपर्यंत जाऊ शकतं, आणि बरीचशी अपिलं तोंडी युक्तिवाद न होताच निकाली निघतात. मग त्या ढिगातून वाचताना तुम्ही आधी कुठलं पान उघडता? तोंडी युक्तिवाद ऐकून मत बदललं, असं कधी झालं? या प्रश्नांना उत्तर मिळतं, आणि ते कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

पाहुण्यांची मतं पटत नसतील तर? मार्च 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या लॉ स्कूलमध्ये काइल डंकन या अपील न्यायाधीशांचं भाषण मुलांनी आरडाओरडा करून बंद पाडलं. डीननी माफी मागितली, सगळ्या विद्यार्थ्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. बाहेर फलक धरून उभं राहा की, कोण नाही म्हणतंय? पण आत बसून त्यांच्याच एखाद्या जुन्या, निकाली निघालेल्या खटल्यातल्या मतभेदाच्या, म्हणजे बहुमताविरुद्ध लिहिलेल्या, निकालपत्रावर बोट ठेवलेलं त्यांना जास्त झोंबतं. त्यासाठी ते निकालपत्र आधी वाचावं लागतं, तळटीपांसकट.

आणि हो, कार्यक्रम संपल्यावर बायोडेटा त्यांच्या हातात कोंबायचा नाही. बरेच न्यायाधीश ऑस्कर नावाच्या ऑनलाइन यंत्रणेतूनच अर्ज घेतात. नाव सांगावं, आभार मानावेत आणि मागच्याला जागा द्यावी.