जेटमधून (परदेशी लोकांना जपानी शाळांत शिकवायला नेणाऱ्या जपान सरकारच्या कार्यक्रमातून) जपानला इंग्रजी शिकवायला जाताना टोकियोतलं ओरिएंटेशन, म्हणजे सुरुवातीचं माहिती-प्रशिक्षण, टाळता येतं का?

नाही, टाळता येत नाही. जेट कार्यक्रमाच्या नियमांनुसार जपानमध्ये उतरल्यावर टोकियोत होणारं हे ओरिएंटेशन सक्तीचं आहे, आणि विमानाची तारीखही त्यावरूनच ठरते. तिथून मग ज्याला त्याला आपापल्या प्रांतात पाठवतात. भाषणं बरीच आणि त्यात झोप अपुरी, त्यामुळे सगळं डोक्यात राहणार नाही. राहायची गरजही नाही. पण दोन गोष्टींकडे नीट लक्ष द्या. एक, जपानी शिक्षकासोबत एकाच वर्गात शिकवण्याची पद्धत, कारण तुम्ही सहायक असता, वर्ग त्यांचा असतो. दुसरी, कागदपत्रं: राहायची जागा ठरली की १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. सोबत औपचारिक सूट ठेवा, आणि स्वतःची ओळख करून देणारा पहिला तास घरूनच तयार करून न्या. शाळेत गेल्या गेल्या तोच लागतो, आणि पुन्हा पुन्हा लागतो! मात्र हे सगळं जेटपुरतंच. खासगी कंपनीमार्फत जात असाल तर प्रशिक्षण किती दिवसांचं, त्या दिवसांचा पगार मिळतो का आणि राहण्याचा खर्च कोणाकडे, हे सही करण्याआधी लेखी विचारून घ्या.